ताईमहाराजांचा दत्तक आणि सरकारचा खटला

निवडणुकींत लबाडी केली म्हणून सरकारनें फौजदारी खटला भरावा, हा प्रकार हिंदुस्थानांत तसा अलीकडचा आहे. दंडविधानांत निवडणुकीच्या गुन्ह्यांचें स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें तें १९२० सालीं. मतासाठीं दिलेली लांच, दुसऱ्याच्या नांवानें मत देणारा तोतया, या गोष्टींना कायद्याच्या पुस्तकांत जागा मिळाली ती तेव्हां. परंतु निवड ही वस्तु मतपेटीपेक्षां फार जुनी आहे. मराठी मुलखांतील शेंकडों घराण्यांचें भवितव्य पिढ्यान् पिढ्या एका निराळ्याच निवडीवर अवलंबून होतें, ती म्हणजे दत्तकाची निवड. गादीवर कोण बसणार, इनामें कोणाच्या नांवें लागणार, देवघरांतील पूजा कोणाच्या हातीं राहणार, हें सारें एखाद्या विधवेच्या मांडीवर कोणतें मूल बसलें यावरून ठरे. या निवडींतही चढाओढ असे, पक्ष असत, वशिले असत, आणि निवड झाल्यावर ती खरी कीं खोटी याचे वादही होत. असे वाद बहुधा दिवाणी कोर्टांत चालत व तेथेंच विझत. पण अशा एका वादांत सरकार स्वतः फिर्यादी होऊन उतरलें, आणि मांडीवर मूल बसलें होतें असें शपथेवर सांगणाऱ्या गृहस्थास तुरुंगाची शिक्षा झाली. तें प्रकरण ताईमहाराजांचें, आणि शिक्षा झालेले गृहस्थ बाळ गंगाधर टिळक. खटला पुण्यांत चालला, तरी त्याचीं मुळें कोल्हापुरांत होतीं.

कोल्हापूरला दत्तकाचें महत्त्व कोणी शिकविण्याची गरज नव्हती. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं डलहौसीनें खालसा केलें तें दत्तक नामंजूर करूनच. नागपूर आणि झांशी यांची तीच गत झाली. कोल्हापूरची गादी मात्र टिकली, आणि पुढें ती टिकून राहिली ती दत्तकांच्याच आधारावर. १८६६ सालीं गादीवर आलेले राजाराम महाराज दत्तक होते. ते विलायतेच्या प्रवासांतून परततांना १८७० सालीं फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांच्या मागून आलेले चौथे शिवाजी महाराज दत्तक होते; त्यांचा शोककारक अंत १८८३ सालीं अहमदनगरच्या किल्ल्यांत झाला. १८८४ सालीं गादीवर बसलेले शाहू महाराजही कागलच्या घाटगे घराण्यांतून दत्तक आलेले. म्हणजे एकामागून एक तीन छत्रपति मांडीवर बसून राजे झाले होते.

टिळकांचाही कोल्हापूरशीं संबंध जुना होता, आणि तो सुखाचा नव्हता. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनीं जें लिहिलें त्यावरून दिवाण माधवराव बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर लेखकांनीं भिस्त ठेविली होती तीं बनावट निघालीं. जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढले. त्या वेळीं दुसऱ्यानें केलेल्या बनावट कागदांवर विश्वास ठेवल्याबद्दल टिळक तुरुंगांत गेले. वीस वर्षांनंतर कोल्हापूरशींच निगडित अशा दुसऱ्या वादांत बनावट कागद आपणच केल्याचा आरोप त्यांच्यावर यावा, हा योगायोग विलक्षण खरा.

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पुण्यांतील पहिल्या वर्गाचे सरदार. घराणें मूळ कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गुरूंचें. सिद्धेश्वर महाराज हे त्याचे मूळ पुरुष. त्यामुळें मालमत्ता दोन राज्यांत विभागलेली होती. कांहीं इंग्रजी हद्दींत, कांहीं कोल्हापूर संस्थानांत. या विभागणीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें, कारण पुढील वीस वर्षांची बरीचशी कथा तिनें घडविली आहे. इस्टेट मोठी होती, आणि तिच्यावर कर्जही होतें.

७ ऑगस्ट १८९७ रोजीं बाबामहाराजांना पटकी झाली. पुण्यांत तो काळ प्लेगाचा व रँडच्या खुनानंतरच्या दहशतीचा होता. टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं दिलेल्या जामिनावर ते नुकतेच, तीनच दिवसांपूर्वीं, सुटले होते. अशा माणसाला मरणोन्मुख मित्रानें आपल्या मृत्युपत्राचा विश्वस्त नेमावें आणि त्यानें तें मान्य करावें, यांत दोघांच्याही स्वभावाचा उलगडा होतो. अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे व कुंभोजकर हे बरोबरचे विश्वस्त होते. त्याच दिवशीं बाबामहाराज वारले.

मागें राहिली त्यांची पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज. तिचें वय पंधरा-सोळा वर्षांचें, आणि ती गरोदर. मृत्युपत्रांत लिहिलें होतें कीं, मुलगा न झाल्यास किंवा होऊन न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीनें दत्तक घ्यावा. जानेवारी १८९८ मध्यें मुलगा झाला आणि मार्चमध्यें तो गेला. टिळक त्या वेळीं तुरुंगांत होते. ते सप्टेंबर १८९८ मध्यें सुटून आले तों विश्वासानें सोंपविलेल्या घरांत एक तरुण विधवा आणि कर्ज, एवढेंच उरलें होतें.

टिळकांनीं इस्टेटीच्या खर्चास कात्री लावली. कर्ज फेडण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पण सरदार-घराण्यांत वाढलेल्या, वाड्यांतील आश्रितांनीं वेढलेल्या मुलीला ती काटकसर म्हणजे परक्या पुरुषाचा जांच वाटली असल्यास नवल नाहीं. मृत्युपत्रानें तिच्या हातीं दत्तक घेण्याचा अधिकार दिला होता, आणि विश्वस्तांच्या हातीं तो अडविण्याचा. तेढीचें बीज त्या एका वाक्यांतच होतें.

जून १९०१ मध्यें टिळक, खापर्डे व ताईमहाराज औरंगाबादेस गेले. पंडित घराण्याची एक शाखा निजामाच्या राज्यांत तिकडे नांदत होती. तेथील मुलें पाहिलीं, पत्रिका पाहिल्या, आणि जगन्नाथ नांवाच्या लहान मुलाची निवड झाली. टिळकांच्या म्हणण्याप्रमाणें मुलाच्या बापानें त्यास विधिपूर्वक दिलें, ताईमहाराजांनीं त्यास मांडीवर घेतलें, आणि दत्तविधान तेथेंच पूर्ण झालें. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तकाचा प्राण या देण्या-घेण्यांत आहे. मूल सगोत्र असेल तर होम केलाच पाहिजे असें नाहीं. म्हणून औरंगाबादेस त्या दिवशीं मूल मांडीवर बसलें कीं नुसतें पसंत केलें गेलें, या एका प्रश्नावर सारी इस्टेट तोलली जाणार होती.

मंडळी पुण्यास परतली आणि वारें फिरलें. कोल्हापूरच्या शाखेंतील पंडितमहाराजांना आपले बंधु बाळामहाराज दत्तक जावेत असें वाटत होतें. इस्टेटीच्या कारभारांतले नागपूरकर त्या बाजूस मिळाले, आणि ताईमहाराजांचेंही मन तिकडे वळलें. पुण्याच्या वाड्यांतच बाळामहाराजांस दत्तक घेण्याचा घाट घातला गेला, तो टिळकांनीं जातीनें जाऊन मोडला. त्या दिवशींच्या वाड्यांतील प्रसंगाचीं दोन्ही पक्षांनीं पुढें कोर्टांत रंगविलेलीं चित्रें इतकीं भिन्न आहेत कीं, तीं एकाच घराचीं वाटत नाहींत. जुलै अखेरीस ताईमहाराजांनीं पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज केला कीं, टिळकादिकांना दिलेला प्रोबेट रद्द व्हावा. ऑगस्टमध्यें कोल्हापूरच्या आश्रयाखालीं बाळामहाराजांचें दत्तविधान झालें. आतां एका मृत सरदाराला दोन पुत्र झाले, एक औरंगाबादचा आणि एक कोल्हापूरचा.

कोल्हापूर दरबाराचा कल कोणीकडे होता हें उघड होतें. बाळामहाराज वारस ठरले तर संस्थानांतील इनामें संस्थानाच्याच प्रजाजनाकडे, ओळखीच्या हातांत, राहत होतीं. त्यांत त्याच वर्षीं दरबारचे आणि टिळकांचे संबंध दुसऱ्या कारणानें तुटले. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळीं छत्रपतींसाठीं वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त म्हटले जात, यावरून १८९९ पासून वाद धुमसत होता. राजोपाध्यांनीं वेदोक्त विधि करण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९०१ मध्यें ‘केसरी’नें वेदोक्ताविरुद्ध अग्रलेख लिहिले. पुढच्या वर्षीं शाहू महाराजांनीं राजोपाध्यांचें वतन काढून घेतलें आणि मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली. हे दोन वाद पुष्कळ वेळां एकांत एक मिसळून सांगितले जातात आणि त्यांत दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. वेदोक्ताच्या वादांत महाराजांची बाजू मानवी प्रतिष्ठेची होती आणि ‘केसरी’ची भूमिका आज कोणास समर्थनीय वाटणार नाहीं. पण त्यामुळें औरंगाबादेस मूल मांडीवर बसलें नाहीं असें सिद्ध होत नाहीं. आणि टिळक दत्तकाच्या वादांत खरे ठरले म्हणून वेदोक्ताविषयींची त्यांची बाजूही खरी ठरत नाहीं.

प्रोबेटचा अर्ज जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढें चालला. वास्तविक प्रश्न लहान व रुक्ष होता. मृत्युपत्रान्वयें विश्वस्तांना मिळालेला अधिकार मुलाच्या जन्मानें संपला कीं चालू राहिला, एवढेंच ठरवावयाचें होतें. दत्तक कोणता खरा, हें ठरविण्याची जागा ती नव्हती. तरी ॲस्टन साहेबांनीं औरंगाबादची सारी हकीकत उकरून काढली. टिळकांची उलटतपासणी अनेक दिवस चालली. शेवटीं ३ एप्रिल १९०२ रोजीं त्यांनीं प्रोबेट रद्द केला, औरंगाबादचें दत्तविधान झालेंच नाहीं असा अभिप्राय दिला, आणि तेवढ्यावर न थांबतां फौजदारी कायद्याच्या ४७६ व्या कलमान्वयें टिळकांस मॅजिस्ट्रेटकडे पाठविलें. नागपूरकरांवर खोटी फिर्याद केली, औरंगाबादच्या प्रवासाच्या हिशेबांत मागाहून मजकूर घुसडला, बनावट पुरावा तयार केला, तो खरा म्हणून वापरला, शपथेवर खोटें सांगितलें, असे एकाहून एक भारी आरोप त्यांत होते.

इतका वेळ हें भांडण एका घरचें होतें. येथून पुढें तें सरकारचें झालें. हायकोर्टानें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ॲस्टन यांचा प्रोबेटसंबंधींचा निकाल फिरविला. ज्या झाडावर ही फांदी फुटली होती तें झाडच पडलें, तेव्हां फौजदारी काम सोडून द्यावें असें वाटणें साहजिक होतें. पण सरकारनें तें सोडलें नाहीं. क्लेमेंट्स नांवाचे खास मॅजिस्ट्रेट नेमले आणि सर्व आरोपांपैकीं खोट्या साक्षीचा आरोप प्रथम चालविण्यास घेतला. राजद्रोहाच्या खटल्यांत शिक्षा झालेला माणूस लोकांच्या दृष्टीनें मोठा होतो, पण विधवेच्या घरांत खोटा दत्तक घुसविणारा आणि त्यासाठीं खोटी शपथ घेणारा माणूस कायमचा लहान होतो. हें गणित मुंबई सरकारला कळत नव्हतें असें म्हणणें कठीण आहे.

खटला वर्षभर रेंगाळला. साक्षीदार पुण्याचे, औरंगाबादचे, वऱ्हाडचे, कोल्हापूरचे. खापर्डे यांच्यासारख्या, ज्यांनीं अमरावतीच्या काँग्रेसच्या स्वागताध्यक्षाचें काम केलें होतें अशा, प्रतिष्ठित वकिलाची साक्षही खोटी मानल्याशिवाय सरकारचा पक्ष उभा राहत नव्हता. टिळकांनीं बचावाचें पुष्कळसें काम स्वतःच्या अंगावर घेतलें होतें. याच दिवसांत, १९०३ च्या मार्चमध्यें, वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सकाळीं कोर्टांत ‘मूल कोणी उचललें, कोणत्या खोलींत बसविलें’ अशा प्रश्नांना उत्तरें द्यावयाचीं आणि रात्रीं उत्तर ध्रुवावरील दीर्घ उषःकालाचा विचार करावयाचा, असा तो काळ.

२४ ऑगस्ट १९०३ रोजीं क्लेमेंट्स यांनीं निकाल दिला. टिळक दोषी, दीड वर्ष सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड. सेशन्स जज्ज लूकस यांच्याकडील अपिलांत जानेवारी १९०४ मध्यें अपराध कायम राहिला, शिक्षा मात्र सहा महिन्यांवर आली. टिळक तुरुंगांत गेले आणि कांहीं दिवसांतच हायकोर्टाच्या जामिनावर सुटले.

हायकोर्टांत मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स व न्यायमूर्ति बॅटी यांच्यापुढें काम चाललें. ज्या पुराव्यावर खालच्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनीं टिळकांस अपराधी ठरविलें, तोच पुरावा याही दोन इंग्रज न्यायाधीशांपुढें होता. मार्च १९०४ मध्यें त्यांनीं शिक्षा रद्द केली आणि दंड परत करण्याचा हुकूम दिला. उरलेले आरोप सरकारनें मागें घेतले. एवढ्या दोन वर्षांच्या खटाटोपांतून सरकारच्या पदरीं शेवटीं कांहींच पडलें नाहीं.

पण ताईमहाराज? या निकालापूर्वींच, १९०३ सालीं, त्या वारल्या. या प्रकरणास त्यांचें नांव पडलें, पण त्यांतील सर्वांत थोडें ऐकूं येणारें माणूस त्याच होत्या. शास्त्रानें आणि मृत्युपत्रानें निवड त्यांची होती. औरंगाबादेस जातांना एका पक्षानें त्यांची संमति सांगितली, कोल्हापूरकडे वळतांना दुसऱ्या पक्षानें. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं वैधव्य, मग दोन महिन्यांचें मूल जाणें, मग पांच वर्षें सल्लागारांच्या ओढाताणींत घालविणें. त्यांचें मन खरोखर कोणत्या मुलावर होतें, याचा निर्णय कोणत्याही निकालपत्रांतून करतां येत नाहीं. टिळकांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका न घेतांही असें म्हणतां येईल कीं, त्यांनीं मित्राचें वचन पाळलें तितक्या काळजीनें मित्राच्या विधवेचें मन सांभाळलें नसावें.

फौजदारी संपली तरी दिवाणी चालूच होतें. १९०६ सालीं पुण्याच्या कोर्टानें जगन्नाथाचें दत्तविधान खरें ठरविलें. १९१० सालीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति चंदावरकर व हीटन यांनीं तो निकाल उलटविला आणि टिळकांच्या बाजूच्या साक्षीदारांवर अविश्वास दाखविला. टिळक तेव्हां मंडालेस होते. तेथून, पत्रांवर कडक निर्बंध असतांही, ते या खटल्याविषयीं भाचे धोंडोपंत विद्वांस यांस सूचना पाठवीत. शेवटीं प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें. २६ मार्च १९१५ रोजीं लॉर्ड शॉ यांनीं निकाल सांगितला. हायकोर्टाचा निर्णय रद्द झाला आणि औरंगाबादचा दत्तक खरा ठरला. मूल मांडीवर बसलें होतें, असें साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनानें चौदा वर्षांनीं मान्य केलें.

लॉर्ड शॉ यांचें निकालपत्र वकीलवर्गाला दुसऱ्या एका कारणासाठीं माहीत आहे. टिळकांच्या पक्षाचे साक्षीदार खोटे ठरवितांना त्यांच्या पूर्वींच्या जबान्या त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या होत्या; परंतु साक्षीदार पिंजऱ्यांत असतांना त्या त्याच्यापुढें ठेवून खुलासा मागितलेला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलनें ही रीत साफ नापसंत केली. ज्या कागदानें एखाद्यास खोटें पाडावयाचें, तो त्यास दाखवून त्यावर बोलण्याची संधि त्यास दिलीच पाहिजे, असा दंडक त्या निकालांतून निघाला. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित या नांवानें तो निकाल भारतीय न्यायालयांत पुढेंही आधारास घेतला जात आला आहे. यांतले श्रीनिवास पंडित म्हणजेच कोल्हापूरचे बाळामहाराज. सगोत्र दत्तकास होमाची आवश्यकता नाहीं, या मुद्द्यासाठींही याच निकालाचा हवाला देत.

लंडनचा हुकूम इंग्रजी मुलखांत चालत होता. पंचगंगेच्या कांठीं तो आपोआप लागू होत नव्हता. कोल्हापूर हें संस्थान. तेथील न्यायालयें छत्रपतींचीं. संस्थानांतील मालमत्तेवर दरबारनें बाळामहाराजांचा हक्क मानला होता. त्यामुळें प्रिव्ही कौन्सिलांत जिंकलेल्या जगन्नाथमहाराजांस वडिलांच्या इस्टेटीचा कोल्हापूरकडील भाग हातीं येणें दुरापास्त झालें. सरहद्दीच्या एका बाजूस एक वारस खरा, दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी स्थिति संस्थानी अमदानींत अशक्य नव्हती. हुकूम मिळविणें एक आणि त्याची बजावणी करून घेणें एक. टिळकांचीं पुढचीं वर्षें या दुसऱ्या कामांत गेलीं. होमरूल चळवळ, लखनौची काँग्रेस, विलायतेंतील चिरोलवरील दावा, या सर्वांच्या मधून मधून पंडितांच्या इस्टेटीचीं दप्तरें उघडलीं जातच होतीं.

जुलै १९२० मध्यें टिळक मुंबईस आले ते याच प्रकरणाच्या हायकोर्टांतील कामासाठीं. मुक्काम नेहमींप्रमाणें सरदारगृहांत. २१ जुलै रोजीं निकाल जगन्नाथमहाराजांच्या बाजूनें लागला. त्याच सुमारास टिळकांस ताप येऊं लागला होता. तो उतरला नाहीं, आणि १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरीं, मध्यरात्र उलटून थोड्याच वेळानें, सरदारगृहांतच त्यांचा अंत झाला. बाबामहाराजांनीं मरतांना हातीं दिलेलें काम त्यांनीं तेवीस वर्षांत सहा दिवस कमी इतका काळ वाहिलें होतें.